पोलिसांपुढे कबूल केलंय, आता काय? खुनाच्या केसबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये खुनाच्या केसेसचेच प्रश्न जास्त होते, त्यामुळे भाडेकरूवाले आणि सातबारावाले थोडं थांबा, तुमचं पुढच्या अंकात घेते. पत्रातली नावं, गावं काढली आहेत आणि काही ठिकाणी तपशील पण बदलले आहेत. आणि प्लीज, इथलं वाचून आपल्या वकिलाशी भांडायला जाऊ नका, त्याच्याकडे केसचे कागद आहेत, माझ्याकडे फक्त तुमचं दोन पानी पत्र आहे.

प्रश्न: मॅडम, माझ्या भावाला मागच्या आठवड्यात खुनाच्या केसमध्ये उचललं. पोलीस म्हणतात त्याने सगळं कबूल केलंय आणि कोयता पण काढून दिलाय. लोकल चॅनलवर पण तसंच दाखवलं. काका म्हणतात आता वकील करून काय उपयोग, शेत विकून पैसे घालवू नका. खरंच सगळं संपलंय का? (एक बहीण, सातारा जिल्हा)

ताई, नाही संपलं. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीच्या विरोधात पुरावा म्हणून कोर्टात चालतच नाही. हे काही आजचं नाही, इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ आणि २६ मध्ये हेच होतं आणि आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ मध्ये आहे. चौकीत कबुली कशी मिळते हे इंग्रजांना पण चांगलं माहीत होतं. कबुली चालते ती मॅजिस्ट्रेटपुढे दिलेली, आणि तिथे पण मॅजिस्ट्रेटने आधी सांगावं लागतं की बाबा तुझ्यावर बोलायची सक्ती नाही, बोललास तर ते तुझ्याच विरोधात वापरतील, आणि विचार करायला वेळ द्यावा लागतो. तेव्हा चॅनलवाल्यांनी 'आरोपीची कबुली' अशी पट्टी कितीही फिरवली तरी त्याला कोर्टात शून्य किंमत.

कोयत्याचं मात्र वेगळं आहे आणि इथेच घरच्यांनी डोकं शांत ठेवायला हवं. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर त्या माहितीतला फक्त तेवढा भाग, म्हणजे 'अमुक ठिकाणी ठेवलाय, काढून देतो', एवढाच पुराव्यात येतो. 'या कोयत्याने मी त्याला मारलं' हे वाक्य येत नाही, ते पंचनाम्यात लिहिलेलं असलं तरी बाजूला पडतं. मग बचावाचा वकील काय बघतो, तर जागा कुठली होती, कोणीही ये-जा करेल अशी उघडी का कुलूपबंद, पंच कोण होते, गावातले का तेच ते पोलीस स्टेशनचे ठरलेले दोघं जे दर तिसऱ्या पंचनाम्यात सही ठोकतात, हत्यार तिथल्या तिथे सील केलं का, लॅबला किती दिवसांनी पाठवलं आणि मधल्या काळात ते कुणाच्या ताब्यात होतं, सीए म्हणजे लॅबच्या रासायनिक तपासणीच्या रिपोर्टमध्ये रक्त माणसाचं आलं का, गट जुळला का नुसतं 'अनिर्णित' आलं. एवढ्याशा कोयत्यावर दोन दोन तास उलटतपास चालतो तो उगाच नाही.

आता करायचं काय ते सांगते. अटकेची कारणं लेखी दिली का ते विचारा. सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय की कुठल्याही गुन्ह्यात अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, आणि रिमांडला उभं करायच्या निदान दोन तास आधी तरी. अटकेनंतर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं. तिथे वकील पहिल्या दिवसापासून हवा, लोक चार्जशीट आल्यावर वकील शोधतात ते फार उशिरा. मारहाण झाली असेल तर भावाने मॅजिस्ट्रेटला तोंडाने सांगायचं, शर्ट वर करून दाखवायचं, घाबरायचं नाही, रेकॉर्डवर येऊ दे. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांचीच मिळते, पण नवीन बीएनएसएसमध्ये, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, खुनासारख्या गुन्ह्यात ती पहिल्या ६० दिवसांत तुकड्या तुकड्याने पण घेता येते, त्यामुळे एकदा एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली, जेलमध्ये गेला म्हणजे परत कोठडी नाही असं समजू नका.

आणि कॅलेंडरवर ९० दिवस मोजायला लागा. खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामीन हा हक्क होतो, कोर्टाची मेहेरबानी नाही. फक्त अर्ज तुम्ही करायचा असतो! अर्ज न करता बसलात आणि मधे चार्जशीट दाखल झाली तर तो हक्क गेला. हे मी डोळ्यांनी बघितलंय, कोर्टाला सुट्टी होती म्हणून घरचे थांबले आणि गेलं.

अजून एक, आणि हे तुम्ही घरच्यांनीच करायचं काम आहे. भाऊ त्या वेळी दुसरीकडे होता असं तुम्ही म्हणताय तर रस्त्यातल्या पेट्रोल पंपाचं, दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं, म्हणून वकिलाला सांगून ते आणि मोबाईलचे रेकॉर्ड जपून ठेवण्यासाठी कोर्टात अर्ज लगेच करा. स्वतः दुकानदाराकडे जाऊन दमदाटी करून पेनड्राईव्हमध्ये घेऊन येऊ नका, त्याचा उलटाच अर्थ काढतील.

काकांना सांगा शेत विकायची घाई नको, खाली परभणीच्या आईला दिलेलं उत्तर वाचा. आणि 'साहेबांशी बोलणं झालंय, एवढे द्या, नाव काढून टाकतो' म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पण पाजू नका.

प्रश्न: तुम्ही वकील लोक खुन्याच्या बाजूने उभे राहता, रात्री झोप लागते का? ज्यांचं माणूस गेलं त्यांचा विचार मनात येतो का? कसाबलासुद्धा वकील दिला, तोही आपल्या टॅक्सच्या पैशातून! (रिटायर्ड शिक्षक, सोलापूर)

सर, झोप लागते, उलटतपासाच्या आदल्या रात्री सोडून. तुमचा राग मला समजतो आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या रडण्याचा आवाज कोर्टाच्या पॅसेजमध्ये आम्हाला पण ऐकू येतो. पण त्यांच्या बाजूने सरकारी वकील असतो, पूर्ण पोलीस खातं असतं, लॅब, डॉक्टर, सगळं सरकार असतं. समोरच्या पिंजऱ्यातल्या माणसाकडे एक वकील असतो, बस.

तुम्ही कसाबचं काढलंत तर तेच घेऊ. २००९ मध्ये त्याच्या खटल्यासाठी कोर्टाने अंजली वाघमारे यांना नेमलं तेव्हा जमाव त्यांच्या घरावर गेला, दगडफेक झाली. पुढे त्या एका साक्षीदाराचं पण काम बघत असल्याचं निघालं म्हणून कोर्टाने त्यांना बदललं, मग अब्बास काझमी आले, त्यांना पण नोव्हेंबर २००९ मध्ये काढलं आणि त्यांच्या जागी के. पी. पवार. सुप्रीम कोर्टात राजू रामचंद्रन होते. एवढं सगळं करून २९ ऑगस्ट २०१२ ला फाशी कायम झाली आणि २१ नोव्हेंबरला येरवड्यात अंमलबजावणी झाली. जगात कोणी बोट दाखवू शकलं नाही की एकतर्फी केलं, आणि ते सरकारी वकील उज्ज्वल निकमांच्या इतकंच या बचावाच्या वकिलांमुळे पण शक्य झालं, असं माझं मत.

पण त्या खटल्यातली जी गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. त्यात दोन भारतीय आरोपी पण होते, त्यांच्यावर आरोप असा की मुंबईतल्या ठिकाणांचे नकाशे त्यांनी काढून दिले. असा एक हाताने काढलेला नकाशा ठार झालेल्या दहशतवाद्याच्या खिशात सापडला असं पोलिसांचं म्हणणं. माणूस गोळ्या लागून रक्तात पडलेला आणि खिशातल्या कागदावर रक्ताचा डाग नाही, धड घडी चुरगळलेली नाही. ट्रायल कोर्टाने दोघांना सोडलं, हायकोर्टाने आणि सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं. देश एवढा पेटलेला असताना! वकील नसता तर तो कागद निरखून बघायला लावला कोणी असता?

आणि आपल्याच राज्यातलं अजून एक. जून २००३ मध्ये शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, एकाच कुटुंबातले पाच जण मारले गेले, बायकांवर बलात्कार झाले, ऐकवत नाही इतकं वाईट. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली, हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली, आणि २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत सगळ्या सहा जणांना फाशी सुनावली. पुढे तो निकाल परत उघडला आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण काय, तर वाचलेल्या बाईने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून भलतेच चार जण ओळखले होते आणि ते कोर्टापुढे धडपणे आणलंच नाही, त्या चौघांचा तपासही नाही. सहामधला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे मागाहून निघालं. सोळा वर्षं गेली. प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला सांगितली सरकारला.

आता सर, मला सांगा, ज्या घरातले पाच जण गेले त्यांना काय मिळालं? खरे करणारे तर मोकळेच राहिले ना. त्यांचा विचार करायचा म्हटलं तरी पहिल्याच कोर्टात कोणीतरी हे कागद फाडून बघणारा हवा होता.

राहिला नियम. बार कौन्सिलच्या नियमातच लिहिलंय की आरोपी दोषी आहे का याबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, त्याने बचाव करायचा. आणि काही ठिकाणी वकील संघटना ठराव करतात ना की या आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही, ते ठराव बेकायदेशीर आहेत असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१० मध्ये तामिळनाडूतल्या एका केसमध्ये सांगून टाकलंय. तरी अजून होतात. गावात मोर्चा निघाला की आमचेच लोक पुढे असतात.

प्रश्न: सरकारी फुकट वकील म्हणजे नावालाच असतो असं सगळे म्हणतात. आमची ऐपत नाही. काय करावं? (एक आई, परभणी)

माऊली, आधी हे की तुमचा मुलगा कोठडीत आहे ना, मग त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२, कोठडीतला माणूस, बाई, अनुसूचित जाती जमातीचे लोक, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील. जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे साधा अर्ज करा, नाहीतर १५१०० ला फोन लावा. जेलमधून मुलगा स्वतः पण अर्ज देऊ शकतो.

चांगला असतो का? खरं सांगू, पूर्वी फार नशिबावर होतं. पॅनेलवरच्या नवख्या पोराला सकाळी कागद हातात आणि दुपारी उलटतपास. मध्य प्रदेशातल्या खंडव्याला २०१३ मध्ये तर फाशीच्या केसमध्ये वकील नेमला त्याच दिवशी चार्ज फ्रेम झाला आणि दोनेक आठवड्यांत ट्रायल उरकून फाशी. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये ती शिक्षा रद्द करून खटला पहिल्यापासून चालवायला लावला आणि सांगितलं की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा केसमध्ये कोर्टाने नेमलेला वकील निदान १० वर्षं वकिली केलेला असावा, आणि तयारीला निदान ७ दिवस द्यावेत. हे वाक्य तुम्ही कोर्टात बोलू शकता. 'साहेब, वकिलांना कागद वाचायला वेळ द्या.' कोणी रागावत नाही.

२०२२ पासून बऱ्याच जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालय सुरू झालंय. तिथले वकील पगारी असतात आणि फक्त फौजदारी बचावाचंच काम करतात, खाजगी केसेस घ्यायच्या नाहीत. मी त्यातल्या काहींच्या समोर बसून त्यांचे उलटतपास ऐकलेत, दोन लाख फी घेणाऱ्यांपेक्षा चांगले होते. सगळेच तसे नसतील. पण 'फुकट म्हणजे वाईट' हे डोक्यातून काढा, आणि मुलाच्या मुलाखतीला जाल तेव्हा त्याला विचारत राहा की वकील भेटायला आले का, चार्जशीटची पूर्ण कॉपी मिळाली का. ती कॉपी आरोपीला फुकट मिळते, झेरॉक्सचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

प्रश्न: कोणी डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. तरी शिक्षा होऊ शकते का? (वाचक, नाशिक)

होते की. परिस्थितिजन्य पुराव्यावर जन्मठेप काय, फाशीसुद्धा झालेली आहे. पण त्याची परीक्षा कडक आहे आणि ती परीक्षा आपल्या पुण्याच्याच एका केसने घालून दिली, शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. तरुण विवाहितेचा पोटॅशियम सायनाइडने मृत्यू, नवऱ्याला पुण्याच्या सेशन्स कोर्टात फाशी, हायकोर्टात पण कायम. सुप्रीम कोर्टाने सोडलं. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं होती आणि त्यावरून आत्महत्येची शक्यता पुसली जात नव्हती.

त्या निकालात पाच गोष्टी सांगितल्यात, वकिलांच्या भाषेत पंचशील. घोकून ठेवायची गरज नाही, मथितार्थ असा की प्रत्येक परिस्थिती आधी स्वतंत्रपणे सिद्ध व्हायला हवी, 'असू शकेल' वर भागत नाही, 'असलंच पाहिजे' पर्यंत यायला हवं, आणि सगळी साखळी मिळून आरोपी सोडून दुसऱ्या कशाकडेच बोट जायला नको. आणि आरोपी खोटं बोलला म्हणून साखळीतली तुटलेली कडी जोडली जात नाही. हे शेवटचं फार कामाचं आहे, कारण घाबरलेली माणसं खोटं बोलतात, निर्दोष असली तरी.

'शेवटचं बरोबर पाहिलं' हा प्रकार तुमच्या पत्रात आहे. रात्री नऊला दोघं टपरीवर दिसले आणि प्रेत दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं, तर मधल्या सोळा तासांत तिसरं कोणी भेटलंच नसेल हे कोण सांगणार? हे अंतर जितकं मोठं तितका तो पुरावा पातळ. पीएम रिपोर्टमध्ये मृत्यूची वेळ, पोटातलं अन्न काय लिहिलंय ते बघायला सांगा वकिलांना.

पण घराच्या आत, चार भिंतींत, फक्त नवरा बायको असताना मृत्यू झाला तर गणित बदलतं. २००६ च्या त्रिमुख मारोती किरकन केसमध्ये, ती पण महाराष्ट्रातलीच, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा वेळी काय घडलं ते घरात असलेल्याने सांगायला हवं, नुसतं गप्प बसून किंवा साप चावला वगैरे खोटं सांगून चालणार नाही. म्हणजे पुरावा द्यायची मुख्य जबाबदारी सरकारचीच, पण तुमच्याकडे असलेलं उत्तर तुम्ही दाबून ठेवलं तर ते तुम्हाला जड जातं.

प्रश्न: बांधावरून भांडण झालं. ते आठ दहा जण काठ्या कुऱ्हाडी घेऊन आमच्या रानात आले. झटापटीत त्यांच्यातला एक गेला. आता एफआयआरमध्ये आमच्या आख्ख्या घराची नावं आहेत, पुण्याला कंपनीत असलेल्या पुतण्याचं पण. आमच्या माणसांना पण लागलंय. (शेतकरी, धाराशिव जिल्हा)

काका, बांधाच्या केसेस बघून बघून माझं मत असं झालंय की मोजणीचे पैसे वेळेवर भरले असते तर निम्मे खून वाचले असते. असो.

तुमच्या माणसांना लागलंय त्याची मेडिकल केली का? नसेल केली तर आज करा, सरकारी दवाखान्यातच, जखमा भरून जायच्या आत. स्वसंरक्षणाचा सगळा बचाव यावर उभा राहतो. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी खरी भीती असेल तर स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना समोरच्याचा जीव घेणं कायद्याला मान्य आहे, बीएनएस म्हणजे आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४. आणि हे आरोपीने सरकारी पक्षासारखं शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, तसं घडलं असण्याची दाट शक्यता दाखवली तरी पुरतं. आरोपीच्या अंगावर मोठ्या जखमा आहेत आणि फिर्यादी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, तर कोर्टाला संशय येतो की खरी हकीकत लपवली आहे. म्हणून तुमची उलट तक्रार पण नोंदवा, पोलीस घेत नसतील तर एसपींना पोस्टाने पाठवा, पावती ठेवा.

पण मर्यादा आहे हो त्याला. माणूस खाली पडला, हत्यार सुटलं, पळायला लागला, आणि त्यानंतर डोक्यात घातलेले तीन घाव, ते स्वसंरक्षण नाही. तिथे मग वकील दुसऱ्या पायरीवर येतो की बाबा हा खून नाही, सदोष मनुष्यवध आहे. पूर्वतयारी नव्हती, अचानक भांडण पेटलं, रागाच्या भरात घडलं, गैरफायदा घेतला नाही, क्रूरपणा केला नाही, तर ते खुनाच्या व्याख्येतून बाहेर पडतं. फरक किती पडतो बघा, खुनाला जन्मठेप किंवा फाशी, त्याच्या खाली काहीच नाही. सदोष मनुष्यवधात मारायचा हेतू नव्हता, नुसती जाणीव होती असं ठरलं तर जास्तीत जास्त १० वर्षं. एक घाव होता का चार, काठी मारली का कुऱ्हाडीची धार, डोक्यात का पायावर, यावर माणसाचं अर्धं आयुष्य ठरतं.

पुतण्याचं सोपं असायला हवं. आख्ख्या घराची नावं टाकणं ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे, त्यामुळे जामिनाला कोणी बाहेर राहत नाही आणि शेती पडीक पडते. त्याचं कंपनीचं पंचिंग, गेटवरचा सीसीटीव्ही, मोबाईल लोकेशन, सगळं लगेच तपास अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या. 'ट्रायलमध्ये बघू' म्हणून झाकून ठेवू नका, तो हुकमाचा एक्का नाहीये. जितकं उशिरा काढाल तितकं बनावट वाटतं.

प्रश्न: बायकोचं बाहेर प्रकरण कळल्यावर रागाच्या भरात नवऱ्याने त्या माणसाला मारलं तर शिक्षा कमी होते ना? नानावटी सुटले होते. (वाचक, ठाणे)

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वेळी मला भीती वाटते की विचारणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय. नानावटी असे सुटले नाहीत हो.

२७ एप्रिल १९५९. नौदलाचे कमांडर कावस नानावटी, बायकोने दुपारी कबूल केलं की प्रेम आहुजाशी संबंध आहेत. त्यांनी बायको मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर गेले, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आहुजाच्या ऑफिसला गेले, तो तिथे नव्हता, मग त्याच्या फ्लॅटवर. तीन गोळ्या. नंतर स्वतःहून पोलिसांकडे हजर. बचावाला कार्ल खंडालावाला. त्यांनी मुख्य मुद्दा घेतला तो अपघाताचा, म्हणजे रिव्हॉल्व्हरवरून झटापट झाली आणि गोळ्या सुटल्या. पण आहुजा अंघोळ करून आलेला, कमरेला टॉवेल, आणि तो टॉवेल मेल्यावर पण तसाच गुंडाळलेला. झटापटीत टॉवेल टिकतो का? सरकारी पक्षाने हा टॉवेल सोडला नाही.

ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं, बाहेर टाळ्या वाजल्या, पण सेशन्स जजना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर १९६१ मध्ये ती कायम केली. कोर्टाचं म्हणणं असं की चिथावणी गंभीर असून भागत नाही, ती अचानकही हवी, आणि बायकोने सांगितल्यापासून गोळी झाडेपर्यंत तीनेक तास गेले होते, सिनेमाची सोय केली, हत्यार मिळवलं, दोन पत्ते शोधले, म्हणजे डोकं शांत व्हायला वेळ होता आणि ते चालत पण होतं. शेवटी १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. त्यामागे नौदल, वर्तमानपत्रं, पारशी आणि सिंधी समाजाचं राजकारण, सगळं होतं. तुमच्या माझ्यासाठी कोणी राज्यपालांकडे जाणार नाही. तुमच्या मनात असलं काही असेल तर फॅमिली कोर्टात जा, तिथली तारीख परवडते.

प्रश्न: आरोपीने वकिलाला खाजगीत सांगितलं की हो, मीच मारलं, तर वकील काय करतो? (कॉलेज विद्यार्थिनी, गोवा)

छान प्रश्न. वकील ते कोणाला सांगू शकत नाही, अशिलाचं बोलणं गुप्त ठेवणं हा कायदाच आहे, आणि वकीलपत्र सोडलं तरी ते बंधन सुटत नाही. पुढे होऊ घातलेल्या गुन्ह्याला मदत मागितली तर मात्र ते संरक्षण नाही. बचाव तो करू शकतो, सरकारी पुरावा तपासू शकतो, कायद्याचे मुद्दे मांडू शकतो. पण 'हा त्या रात्री कोल्हापूरला होता' असं सांगणारा खोटा साक्षीदार तो उभा करू शकत नाही. मला स्वतःला अशील खरं बोलला की बरं वाटतं. खोटं बोलणारा अशील कोर्टात माझंच तोंड बंद करतो, मी एक प्रश्न विचारते आणि साक्षीदार नेमकं ते सांगतो जे याने मला सांगितलेलं नसतं.

प्रश्न: मुख्य साक्षीदार आमच्या भावकीतलाच आहे. त्याला जाऊन भेटलं, समजावलं तर चालेल का?

नाही. अजिबात नाही. जामीन असेल तो जाईल आणि वर नवीन गुन्हा दाखल होईल. आणि साक्षीदार फितूर झाला म्हणजे केस संपली हा पण गैरसमज आहे, त्याच्या जबाबातला विश्वास ठेवण्याजोगा भाग कोर्ट तरी वापरू शकतं.

प्रश्न: पेपरात कधी ३०२ लिहितात कधी १०३. नक्की काय?

१ जुलै २०२४ च्या आधी घडलेला गुन्हा असेल तर आयपीसी ३०२, त्या दिवसापासून पुढचा असेल तर बीएनएस १०३. खटला आज चालू असला तरी कलम गुन्ह्याच्या तारखेप्रमाणेच. ३०७ चं १०९ झालं, ३०४ चं १०५, ३४ चं ३ पोटकलम ५. आम्ही वकील अजून '३०२ ची केस' असंच म्हणतो, जीभ वळत नाही.

प्रश्न: वडिलांना मागच्या महिन्यात जन्मठेप झाली. वकील म्हणतात आता हायकोर्ट, खर्च लाखात. मुदत किती असते? (मुलगा, चंद्रपूर)

जन्मठेपेच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपील करायला ६० दिवस, फाशी असेल तर ३०. फाशीची शिक्षा तर हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलातच येत नाही, त्यामुळे ते कागद आपोआपच तिकडे जातात, पण जन्मठेपेत तुम्हालाच हलावं लागतं. निकालाची प्रत शिक्षा झालेल्याला लगेच आणि मोफत मिळते, ती वडिलांना जेलमध्ये मिळाली का ते विचारा. खर्च नसेल तर वडील जेलच्या अधीक्षकांमार्फत पण अपील पाठवू शकतात, आणि नागपूर खंडपीठाची विधी सेवा समिती आहे, तिथून वकील मिळतो. मुदत टळली तरी कारण सांगून उशीर माफ करून घेता येतो, पण कशाला त्या भानगडीत पडता, अजून महिना हातात आहे. अपिलासोबतच शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्ज लावायला सांगा. ट्रायलच्या वकिलांकडून सगळ्या साक्षी, पंचनामे, सीए रिपोर्ट आणि ३१३ चा जबाब (आरोपीने स्वतः कोर्टाला दिलेली उत्तरं) अशी पूर्ण फाईल याच आठवड्यात मागून घ्या, पान नंबर टाकून, कारण हायकोर्टात नवीन काही सांगता येत नाही, जे काही शोधायचं ते त्याच कागदांत.